हरल्याचे पेढे

ज्या माणसाला चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की घाम फुटतो, त्याने फळ्यावर लिहिण्याचं काम धरावं. लिहिताना पाठ लोकांकडे असते. तोंड कुणाला दिसत नाही, आवाज काढावा लागत नाही, आणि लोक वाचायला येतात तोवर आपण आत जाऊन बसलेलो असतो. मी सात वर्षं हे काम करते आहे. त्यातली पहिली सहा वर्षं ते मी करते हे दोनच माणसांना माहीत होतं. एक मी आणि दुसरे अण्णा.

लोणावळ्याच्या बाजारात आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथे सहायक. पुस्तकांची देवघेव करायची, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, पावसाळ्यात कपाटांना बुरशी लागणार नाही हे बघायचं, ही माझी कामं. या यादीत नसलेलं काम म्हणजे बाहेरच्या कठड्यावर टांगलेला फळा. आमचे मानद ग्रंथपाल अण्णा तो चाळीस वर्षं रोज सकाळी लिहीत आले होते. गावात आणि जगात काय चाललंय, कोण जिंकलं, कोण हरलं, कुठला सिनेमा बघावा आणि कुठल्या सिनेमाला जाण्यापेक्षा घरी झोपावं, हे सगळं आठ ओळींत. आठच का, तर नववी ओळ लिहायला फळ्यावर जागा नाही.

मी नोकरीला लागले आणि तीन महिन्यांत अण्णांचा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना. "आठवडाभर तू लिही," ते म्हणाले. मी म्हणाले, "मी? माझी शाळा इंग्रजी माध्यमाची आहे."

"मग काय झालं? फळा काळाच असतो ना तिथेही?"

मी त्यांच्या अक्षराची नक्कल केली. ळ ची शेपटी लांब ओढायची आणि पूर्णविरामाऐवजी छोटी फुली मारायची. आठवडा संपला, महिना संपला, खांदा बरा झाला, पण अण्णांनी खडू परत मागितला नाही आणि मी दिला नाही. गाव आपलं अण्णांचाच फळा म्हणून वाचत राहिलं.

या धंद्याचे नियम अण्णांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. पहिल्या चार ओळी गावाच्या आणि जगाच्या. मग खेळ, मग सिनेमा. शेवटच्या दोन ओळी मोकळ्या, तिथे मनाला येईल ते. कुठल्याही पक्षाचं नाव घ्यायचं नाही. संध्याकाळपर्यंत पुसायचं नाही. जगाचं पेपरातून घ्यायचं, पण जवळपासचं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं नाही ते लिहायचं नाही. आणि चुकलंच, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीत ती चूक लिहायची आणि खाली चुकणाऱ्याचं नाव घालायचं. फळ्यावर एरवी कुणाचंही नाव नसतं, चुकणाऱ्याचं तेवढं असतं. अण्णांच्या चाळीस वर्षांत ते दोनदाच लिहिलं गेलं होतं, आणि त्यातही एकदा चूक पंचांगाची होती.

तोंडाने मी फारशी बोलत नाही, त्यामुळे जे साचतं ते सगळं सकाळी पावणेसातला फळ्यावर उतरायचं. एकदा मंत्री येणार म्हणून रस्ता रातोरात गुळगुळीत झाला. मी लिहिलं, "मंत्री येणार म्हणून खड्डे गेले. मंत्री आले नाहीत. खड्डे आले." दिवसभर लोक येऊन अण्णांची पाठ थोपटत होते. अण्णा नम्रपणे मान खाली घालून थोपटून घेत होते. मी आत बसून नोंदी करत होते. आमच्यात न ठरवता एक पद्धत पडली होती. कौतुक ते बाहेरच ठेवून घ्यायचे आणि शिव्या तेवढ्या आत आणून मला शब्दशः ऐकवायचे.

शनिवार-रविवारी पर्यटकही फळ्यासमोर थांबतात. एका कुटुंबाने आठही ओळींवरून बोट फिरवलं आणि शेजारच्या चहावाल्या मामांना विचारलं, "भैया, इसमें से क्या मिलेगा?" मामांनी फळ्याकडे एक नजर टाकली. "ये सब खतम हो गया. चाय है."

सिनेमाच्या ओळीने एकदा भलताच माणूस आणला. मी लिहिलं होतं, "चित्रपट दोन तास चाळीस मिनिटांचा आहे. त्यातली चाळीस मिनिटं बघण्यासारखी आहेत." चार दिवसांनी काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ आत आले. तुंगार्लीला त्यांचा बंगला होता आणि त्या सिनेमात त्यांचे पैसे होते. "चाळीस मिनिटं कुठली, तेवढं सांगा," ते अण्णांना म्हणाले. अण्णांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "आमच्या केतकीने बघितलाय. तिला विचारा." मी कपाटाकडे बघत कसंबसं म्हणाले, "मध्यंतर धरून." ते गृहस्थ बराच वेळ हसले आणि वाचनालयाचे सभासद झाले. त्यांनी नेलेलं पुस्तक अजून परत आलेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगते.

भाजे गावचे आबा रोज दुधाच्या टेम्पोतून यायचे. साडेसातला चहावाल्या मामांकडे किटली रिकामी करायची, मामांचाच चहा प्यायचा आणि फळ्यासमोर येऊन उभं राहायचं. आबांचा चष्मा कायम घरी असायचा. मी तेव्हा दार उघडून पायऱ्या झाडत असायची. "पोरी, वाच गं. आज अन्नांनी काय लिवलंय?" मग मी माझंच लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची. ऐकून झालं की आबा म्हणायचे, "तुझा अन्ना लय हुशार. शिक काय तरी त्याच्याकडनं." मी मान हलवायची. सहा वर्षं मी हे ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मला त्यात भलतीच मजा वाटायची.

आबांचा नातू संतोष हा भाज्याच्या क्रिकेट संघाचा कप्तान. गेल्या वर्षी इंदुरीला किल्ल्याजवळच्या मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा होती आणि अंतिम सामना होता भाजे विरुद्ध शिरगाव. मी राहते तळेगावला, इंदुरी तिथून जवळ. रविवारी दुपारी मी स्कूटीवरून गेले आणि गर्दीच्या मागे उभी राहून सामना बघितला. बारा चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या, सहा गडी शिल्लक होते, संतोष खेळत होता. तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, पाहुणे वाकडहून निघालेत. तू कुठे आहेस?" मला बघायला येणार होते. नऊ धावांचं काय, त्या होणारच होत्या. मी निघाले.

गाडी चालवताना ओळ डोक्यात तयार झाली, आणि इतकी झकास झाली की तिला धक्का लावायची इच्छा होईना. घरी पोहे दिले, खाली मान घालून बसले. मुलगा सारखा मोबाइलमध्ये बघत होता. ते गेल्यावर आई चिडून म्हणाली, "कसली गावाकडची क्रिकेट मॅच बघत होता म्हणे!" हे मी ऐकलं, पण त्याचा अर्थ मंगळवारी डोक्यात शिरला. तो इंदुरीच्याच सामन्याचा व्हिडिओ बघत होता. मी त्याच्याशी दोन वाक्यं बोलले असते तर कळलं असतं, निकाल माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसलेला होता.

सोमवारी सकाळी मी लिहिलं, "इंदुरीत भाज्याने शिरगावला हरवून स्पर्धा जिंकली. शेवटच्या दोन षटकांत बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं."

साडेसातला आबा आले. मी वाचून दाखवलं. आबांनी हातातली किटली खाली ठेवली.

"जिकलं? आमचं पोरगं जिकलं?"

"हो आबा."

"आन घरी यून तोंड पाडून निजलं की! जेवलं बी न्हाई. म्या म्हनलं हरलं असंल. म्हंजी दमलं व्हतं व्हय!" त्यांनी फळ्याला हात जोडले. खरंच जोडले. मग बाजारातून किलोभर पेढे घेतले आणि टेम्पोत बसून गेले.

पुढचं मी ऐकलं ते असं. आबांनी मारुतीच्या देवळासमोर पेढे वाटायला सुरुवात केली. पहिल्या चार जणांनी खाल्ले. पाचव्याने विचारलं, "आबा, हरल्याचे पेढे कोन वाटतं वो?" शेवटच्या दोन षटकांत भाज्याचे चार गडी पडले होते, शेवटच्या चेंडूवर संतोष सीमारेषेवर झेल देऊन बाद झाला होता आणि भाजे दोन धावांनी हरलं होतं. सगळ्या गावाला हे माहीत होतं. आबा सगळ्या गावाशी भांडले. "फळ्यावर लिवलंय. फळा खोटं बोलत न्हाई." शेवटी आरडाओरडा ऐकून संतोष घरातून बाहेर आला, आणि त्याला भर देवळासमोर आपल्या आजोबांना सांगावं लागलं की आपण हरलो.

दुपारी बारा वाजता तीन मोटारसायकली वाचनालयासमोर थांबल्या. संतोष आत आला. "अण्णा, ती ओळ कुणी लिहिली?"

अण्णा बाहेर जाऊन ओळ वाचून आले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत होते.

"मी," अण्णा म्हणाले. "वय झालं रे. ऐकीव लिहिलं."

"ऐकीव? तुमी?" संतोष टेबलापाशी आला. "आमचा म्हातारा तुमच्या जिवावर सगळ्या गावाला खोटं पाडत बसला. सकाळपास्नं गोठ्यात बसलाय. बाहेर यीना."

मी बोलायला हवं होतं. मी चिठ्ठ्या चिकटवत राहिले. त्या दुपारी अकरा पुस्तकांवर मी चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या. त्या मी अजून सरळ केलेल्या नाहीत.

संध्याकाळी आमच्या वाचनालयाचे चिटणीस साहेब आले. त्यांची दोन हॉटेलं आहेत आणि फळ्याच्या जागी जाहिरातींचा डिजिटल पडदा लावायची त्यांची जुनी इच्छा होती. "अण्णा, तुम्ही आता विश्रांती घ्या," ते गोड आवाजात म्हणाले. "फळाही घेऊ दे. गुरुवारच्या बैठकीत ठरवून टाकू." चाळीस वर्षांचा फळा आणि अण्णांचं नाव, दोन्ही गुरुवारी संध्याकाळी पुसलं जाणार होतं, आणि ते माझ्या नऊ धावांमुळे.

मंगळवारी नियमाप्रमाणे मी पहिल्या ओळीत चूक लिहिली. पुढे लिहिलं की हा फळा सहा वर्षं अण्णा लिहीत नाहीत, मी लिहिते. खाली सही केली, केतकी. ळ ची शेपटीही आखूड ठेवली. मग आत जाऊन, आता काय होईल ते होवो म्हणून बसले.

कुणाचाही विश्वास बसला नाही.

समोरचे चिक्कीवाले शेठ तरातरा आत आले. "अण्णा, हे शोभतं का तुम्हाला? स्वतःची चूक पोरीच्या गळ्यात घालता?"

"शेठ, ती खरं लिहितेय," अण्णा म्हणाले.

"ही? अहो, हिला चहा हवा का विचारलं तरी ही कपाटामागे जाते! ते खड्ड्यांचं हिने लिहिलं? मिनिस्टरचं?"

चहावाले मामाही दारात येऊन उभे. "ताई, तुम्हाला जबरदस्ती केली असंल तर मान हलवा नुसती."

मी मान हलवली नाही. त्याचाही त्यांनी उलटाच अर्थ काढला. दिवसभर लोक माझ्याकडे दयेने आणि अण्णांकडे रागाने बघत होते. चिटणीस साहेबांचं काम मी स्वतःच्या हाताने सोपं केलं होतं.

"गंमत बघ," अण्णा संध्याकाळी फळा पुसताना म्हणाले. "माझं खोटं पटकन पटलं. तुझं खरं कुणाला पटेना." ते हसले, पण त्यांनी फडकं नेहमीपेक्षा सावकाश फिरवलं.

बुधवारी मी पावणेसातला फळा लिहिलाच नाही. कोरा ठेवला. साडेसातपर्यंत मामांच्या बाकड्यांवर सगळे जमले. फळा कोरा बघून रस्त्याने जाणारेही थांबले. आदल्या दिवशी टेम्पोतून दुसऱ्याच कुणीतरी दूध आणलं होतं, पण त्या दिवशी आबा स्वतः उतरले. फळ्याकडे न बघता त्यांनी मामांकडे किटली रिकामी केली. मी बाहेर आले, खडू घेतला आणि लोकांकडे पाठ केली.

पहिली ओळ लिहिली, "आज फळा उशिरा लिहिला आहे. लिहिणारी तीच आहे."

मागून शेठ म्हणाले, "अण्णांनी कागदावर लिहून दिलं असणार. पाठ करून आलीय."

मी दुसरी ओळ लिहिली, "शेठ म्हणतात, हे पाठ केलेलं आहे. शेठ आत्ता असं म्हणणार, हेही पाठ होतं का?"

बाकड्यांवर हशा फुटला. "शेठ, सापडलात!" मामा ओरडले.

मला दूध करपल्याचा वास आला. तिसरी ओळ, "मामा हसत आहेत. चुलीवर दूध उतू जात आहे." मामांची चप्पल पळत गेल्याचा आवाज आला. पुन्हा हशा.

तेवढ्यात एक गाडी थांबली आणि चिटणीस साहेबांचा आवाज आला, "काय गर्दी आहे ही?" मी चौथी ओळ लिहिली. "फळ्याच्या जागी विजेवरचा पडदा यायचा आहे. काल लोणावळ्यात वीज तीनदा गेली. फळा एकदाही गेला नाही."

या वेळी हशात टाळ्याही होत्या. माझे कान तापले होते, खडू दोनदा तुटला होता, पण माझी पाठ त्यांच्याकडे होती. पाठीला लाज वाटत नाही. पाचवी ओळ खेळाची होती. "भाजे दोन धावांनी हरलं. शेवटची दोन षटकं मी बघितली नाहीत, कारण मला बघायला पाहुणे आले होते." मागे कुणीतरी "ओहोहो" केलं. सहावी सिनेमाची. "घरच्या कार्यक्रमाला मध्यंतर नव्हतं आणि नायक मोबाइल बघत होता."

सातवी ओळ मी सावकाश लिहिली. "न बघितलेलं मी आबांना खरं म्हणून वाचून दाखवलं. अण्णांनी ते स्वतःवर घेतलं तेव्हा मी गप्प बसले." आठव्या ओळीत नाव लिहिलं आणि खडू ठेवला. आता पटकन आत जायचं, की संपलं.

"वाच," मागून आबा म्हणाले.

मी फळ्याकडे बघत वाचायला लागले.

"तकडं तोंड करून न्हाई. हिकडं कर. समद्यांना ऐकू दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या लोकांकडे तोंड केलं. शेठ, मामा, रिक्षावाले, चिटणीस साहेब, दारात अण्णा. आठही ओळी मी वाचल्या. शेवटची, म्हणजे माझं स्वतःचं नाव, मला दोनदा वाचावं लागलं, कारण पहिल्यांदा आवाजच आला नाही.

आबांनी एकदा दारातल्या अण्णांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी इतकी वरसं तूच लिवायचीस, तूच वाचायचीस, आन म्या अन्नाला शाबासकी द्यायचो?"

"हो आबा."

"लबाड हायेस." त्यांनी किटली उचलली. "लिवतीस बरी. पर पुरतं बघत न्हाईस."

मला आजवर मिळालेलं सगळ्यात अचूक परीक्षण हेच.

गुरुवारच्या बैठकीत फळ्याचा विषय निघाला आणि दोन मिनिटांत संपला. सोमवारच्या चुकीबद्दल समज म्हणून एक पत्र मला मिळालं. ते योग्यच होतं, मी जपून ठेवलंय. पडदा चिटणीस साहेबांनी स्वतःच्या हॉटेलवर लावला. वीज असते तेव्हा छान दिसतो. अण्णा आता खुर्चीत बसून, फळ्यावरून माझ्याशी भांडायला आलेल्या लोकांची माझ्याशी ओळख करून देतात आणि मजा बघतात.

या वर्षी इंदुरीला पुन्हा अंतिम सामना झाला. भाजेच होतं. आबा मला घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे माझ्या स्कूटीवर मागे बसले आणि तळेगावपासून इंदुरीपर्यंत गाडी कशी चालवावी ते सांगत राहिले. किल्ल्याच्या बाजूला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मिळवून आम्ही बसलो. आठ चेंडूंत सात धावा हव्या होत्या, पाच गडी हातात होते. आबा उठले आणि टोपी नीट केली.

"जिकलं. चल, पेढं घिऊ."

"आबा, बसा."

"अगं सात तर पायजेत."

"बसा म्हणते ना."

आबा बसले. माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. आईचाच असणार. पाहुणे या वेळी हिंजवडीचे होते. मी फोन वाजू दिला. एक गडी पडला, मग एक धावबाद झाला, मग संतोषने चौकार मारला, मग चार चेंडू नुसतेच गेले. शेवटच्या चेंडूवर तीन हव्या होत्या. झाली एकच, आणि दुसरीसाठी पळताना संतोष धावबाद झाला. भाजे एका धावेने हरलं.

संतोष खाली मान घालून आमच्या समोरून निघाला होता. आबांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि आम्हा दोघांना घेऊन मैदानाबाहेरच्या मिठाईच्या दुकानात गेले. किलोभर पेढे बांधायला सांगितले.

"आबा," संतोष अगदी हळू म्हणाला, "हरलोय आपन."

"ठावं हाय. म्या सोता बघितलंय." आबांनी पुडा तिथेच सोडला आणि पहिला पेढा त्याच्या हातावर ठेवला. "गेल्या टायमाला पेढं वाटल्याचं वाईट न्हाई वाटलं मला. घरात यून तू बोलला न्हाईस, आन तकडं वाचनालयात ही बोलली न्हाई, त्याचं वाटलं. दोगंबी मुकी. ह्या टायमाला घरी जाऊन समद्यांना सांग, हरलो म्हनून. पेढं मी वाटतो."

दुसरा पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "आन तू उद्या लिव."

मी लिहिलं. साडेसातला आबा आले तेव्हा त्यांच्याकडे तोंड करून वाचूनही दाखवलं. चष्मा त्या दिवशी त्यांच्या खिशातच होता. मला दिसत होता. त्यांनी काढला नाही.